नाबाद, बारा सेकंद

माझं नाव वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी अकरावीत होते. आतल्या पानावर, अगदी तळाला, खो-खोच्या सामन्यांची चार ओळींची बातमी होती. तिच्यात माझं नाव होतं आणि त्यापुढे कंसात 'नाबाद'. आम्ही अंधेरी पूर्वेला चाळीत राहायचो. दादाने तो पेपर आधी स्वतः वाचला, मग शेजारी नेला, आणि दुपारपर्यंत सगळ्या चाळीत फिरून तो घड्या पडून मऊ होऊन परत आला. आदल्याच वर्षी आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला होता, त्यामुळे नाबाद म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, म्हणजे शेवटपर्यंत उभी राहिलीस तू. मी हो म्हटलं.

खरं तर मी मैदानात बारा सेकंद होते.

खो-खोत पळणाऱ्या संघाच्या तीन-तीन मुली आत उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. त्या दिवशी आमच्या आधीच्या मुलींनीच जवळजवळ सगळा वेळ खेळून काढला होता. आम्ही शेवटच्या तिघी आत शिरलो, मी धावत जाऊन खांबाच्या पलीकडे उभी राहिले, पाठलाग करणारी मुलगी दुसऱ्याच टोकाला होती, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. मला धापसुद्धा लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बातमीचं कात्रण घेऊन सरावाला गेले. आमचे सर महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी शाळेच्याच मैदानात आम्हा मुलींचा सराव घ्यायचे. उंच, सावळे, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक सामन्यात कोण किती मिनिटं आणि किती सेकंद पळाली आणि कशी बाद झाली, हे सगळं ते त्यात लिहून ठेवायचे. स्पर्शाने बाद झाली तर 'स्प', पाठलाग करणाऱ्या मुलीने सूर मारून पकडलं तर 'सू', खांबाजवळ सापडली तर 'खां'. बाद झालीच नाही तर 'ना'. त्यांनी कात्रण वाचलं, हसले आणि वही उघडून माझी ओळ दाखवली. ०.१२, ना. त्याच पानावर वरच्या बाजूला एका मुलीची ओळ होती. ३.०५, सू.

"नाबाद म्हणजे तुला कुणी पकडलं नाही, एवढंच," सर म्हणाले. "कुणी पकडायला आलं होतं का, ते त्यात नसतं. सामना हिने काढला."

ती 'ही' बाजूलाच बसून बुटाची नाडी बांधत होती. पेपरात तिचं नाव नव्हतं, कारण ती बाद झाली होती. मला वाटलं आता ही मला टोमणा मारणार. तिने कात्रण माझ्या हातातून घेतलं, वाचलं, नीट घडी घातली आणि परत दिलं. म्हणाली, बारा तर बारा, छापून तर आलं ना.

तिथून आमची मैत्री झाली.

ती माझ्याच वयाची, पण दुसऱ्या कॉलेजात. अंगाने बारीक, पाय लांब, केस घट्ट दोन वेण्यांत बांधून वर पिना मारलेल्या. तिचे वडील बसच्या डेपोत मेकॅनिक होते. घर मरोळच्या बाजूला वस्तीत, दोन खोल्या, पुढे तुळशीवृंदावन नसलेलं पण झेंडूने भरलेलं अंगण. ते बौद्ध, मूळचे मराठवाड्यातले. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे मोठ्या पातेल्यात खीर व्हायची आणि तिची आई मला दोनदा वाढायची. आम्ही कोकणातले. माझे आजोबा परळला गिरणीत होते, वडील एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि आम्ही अंधेरीला आलो.

ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा आईने तिला आडनाव विचारलं. मग चहा दिला, पण तो रोजच्या कपात नाही, फळीवरच्या मागच्या कपात. मला ते दिसलं. तिलाही दिसलं. ती चहा प्यायली आणि कप स्वतःच विसळून ठेवून गेली. त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवले नाही तेही आईला सांगितलं नाही. आईला बहुतेक कळलं असावं. पुढच्या वेळी ती आली तेव्हा आईने काहीही न विचारता तिच्यासमोर आमच्यासारखंच ताट मांडलं, बांगड्याचं तिखलं वाढलं आणि काटे जपून काढ म्हणाली. मराठवाड्यातल्या माणसाला काट्यांची सवय कुठून असणार. ती घाबरत घाबरत खायची आणि आई समोर बसून तिला मासा सोलून द्यायची. आईचं मन वळायला एक वर्ष लागलं की एक दिवस, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

सरांनी आम्हा दोघींना एकाच तुकडीत घातलं. मी चपळ होते पण घाबरट. ती आत असली की माझी भीती कमी व्हायची. पळताना ती मनात सेकंद मोजायची. मी विचारायचे, मोजतेस कशी, श्वास घ्यायला वेळ नसतो. ती म्हणायची, सवय झालीय. डाव संपायला किती उरलाय ते तिला घड्याळ न बघता कळायचं, आणि एखाददुसऱ्या सेकंदापलीकडे तिचं कधी चुकायचं नाही. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं की ती मला लांबून बोटाने खूण करायची. मग मी जिवाच्या आकांताने पळायचे. त्या दोन वर्षांत सरांच्या वहीत माझ्या ओळी बदलत गेल्या. एक पंचवीस, स्प. एक पन्नास, खां. दोन दहा, ना. आता मला त्या 'ना'ची लाज वाटत नव्हती.

वहीतली भाषा हळूहळू आमच्या बोलण्यात शिरली. आम्हा मुलींमध्ये कुणी काही करून आलं की पहिला प्रश्न असायचा, किती? कॉलेजात प्राध्यापकांनी वर्गाबाहेर काढलं तर दोन मिनिटं, स्प. तोंडी परीक्षा झाली तर सात मिनिटं, नाबाद. आमच्यातल्या एकीला बघायला पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी सरावाला आली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्याभोवती जमलो. ती म्हणाली, वीस मिनिटं, सू. आम्हाला हसू आवरेना, आणि मग ती रडायला लागली तेव्हा आम्ही गप्प झालो. महिन्याभरात तिचं लग्न झालं आणि संघात एक जागा रिकामी झाली.

आईनेही तो शब्द उचलला. शेजारच्या काकू माझ्या लग्नाचं विचारायला लागल्या की आई भांडी घासता घासता म्हणायची, "आमचां चेडू अजून नाबाद आसा." काकूंना त्यात चेष्टा ऐकू यायची, आईला तसं म्हणायचं नसायचं. तिला वाटायचं की तो चांगला शब्द आहे, पेपरात येणारा.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ मी एकदाच ऐकला. मैत्रिणीच्या वडिलांना डेपोत काम करताना छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तीन दिवस ती सरावाला आली नाही. चौथ्या दिवशी आली, न बोलता रांगेत बसली. मी शेजारी बसले आणि विचारायला तोंड उघडलं, तर ती पुढे बघतच म्हणाली, नाबाद. तेवढंच. मग सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही उठलो. त्या दिवशी ती इतकी पळाली की सरांना तिला थांबवावं लागलं.

वडील बरे झाले, पण पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यांना बसल्या जागेचं काम दिलं. ती घरातली मोठी, तिच्यामागे दोन भाऊ शाळेत. खो-खोत राज्य पातळीवर खेळलेल्या मुलींना तेव्हा सरकारी कचेऱ्यांत, बँकांत खेळाडूंसाठी राखलेल्या जागांवर घ्यायचे. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, पण तिला ते जास्त माहीत होतं. उपनगराच्या संघात निवड व्हायला हवी, राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र हवं, मग अर्ज करता येतो. ती हे मला सरळ सांगायची. मीही तिला सांगायचे की मलाही हवंय. आमच्यात त्याबद्दल लपवालपवी नव्हती. आम्ही ठरवलंच होतं की दोघी एकाच संघात जाणार आणि एकाच कचेरीत चिकटणार.

निवड चाचणी मुलुंडला होती. एका शाळेच्या मैदानात, रविवारी सकाळी. उपनगरातल्या सगळ्या संघांतल्या मुली आल्या होत्या, आणि निवड समितीचे तीन लोक मंडपाखाली टेबल टाकून बसले होते. दहा वाजेपर्यंत बहुतेक जागा ठरल्यासारख्या झाल्या. शेवटची एक जागा पळणाऱ्या मुलीसाठी उरली आहे असं सरांनी आम्हाला येऊन सांगितलं. शेवटच्या डावात आम्ही दोघी एकाच तुकडीत होतो, आणि तिसरी घाटकोपरची एक मुलगी.

घाटकोपरची मुलगी लवकर बाद झाली. मग आम्ही दोघीच राहिलो. समोरचा संघ तयारीचा होता, खो पटापट पडत होते. आम्ही दोघी मैदान वाटून घेतल्यासारख्या पळत होतो, ती एका खांबाकडे, मी दुसऱ्या. मध्येच एकमेकींना ओलांडून जागा बदलायची. पाय भरून आले होते. तिने लांबून बोट वर केलं, म्हणजे अर्धं मिनिट. आणि ते अर्धं मिनिट संपत आलं असताना मी चुकले. मी खांबाच्या चुकीच्या बाजूला वळले आणि अडकले. पाठलाग करणारी मुलगी खांबाला हात लावून वळत होती. माझ्यासमोर जायला वाट नव्हती. मला पळताही येईना, मी नुसती लांबून मैत्रिणीकडे बघत राहिले.

तेवढ्यात माझी मैत्रीण मध्ये शिरली. मधल्या पट्टीतून, बसलेल्या दोन मुलींच्या मधून, पाठलाग करणारीच्या अगदी पुढ्यातून. त्या मुलीने मला सोडलं आणि हात लांब करून तिला पाठीवर शिवलं. शिट्टी झाली. ती बाद झाल्याची. मी तिथून निसटले, आणि आणखी थोडा वेळ गेला न गेला तोच डाव संपल्याची लांब शिट्टी झाली.

कागदावर ते असं आलं: ती, दोन मिनिटं एकतीस सेकंद, स्पर्श. मी, दोन मिनिटं चाळीस सेकंद, नाबाद.

निवड समितीतल्या एकाने कागद पाहिला आणि माझ्या नावावर खूण केली. सर टेबलाजवळच उभे होते. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले की हे नाबाद या मुलीचं नाही, त्या दुसऱ्या मुलीने ते हिला दिलं, तुमच्या डोळ्यांसमोर झालंय. समितीतला माणूस म्हणाला की आम्ही त्या क्षणी दुसऱ्या खांबाकडे बघत होतो, आणि कागदावर जे आहे ते आहे. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काय गं, ती तुझ्यासाठी आत आली का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ती मागे पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती, ओंजळीने तोंड धूत होती. तिला ऐकू येत होतं की नाही, माहीत नाही.

मी म्हणाले, "मला दिसलं नाही."

सरांनी वाद थांबवला. वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि पिंपाकडे गेले. ते तिच्याशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी मला त्या दिवशी किंवा नंतर कधीही त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मला वाटतं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघी सोबतच होतो. तिने स्टेशनबाहेर उसाचा रस घेतला, अर्धा मला दिला. मी काहीतरी बोलायला लागले की ती दुसरंच काही बोलायची. शेवटी म्हणाली, तू जा नीट खेळून ये, मी पुढच्या वर्षी. आणि हात माझ्या खांद्यावर टाकला, नेहमी टाकायची तसा. मी तो तसाच राहू दिला. तो मला जड झाला होता.

राज्य स्पर्धेत मी तीन सामने खेळले. फार चमकले नाही, फार वाईटही खेळले नाही. प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या वर्षी चाचणीच्या वेळी ती नव्हती. तिला अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काम लागलं होतं. बारीक तारा जोडायच्या, डोळ्याला भिंग लावून, आणि पाळी दुपारी सुरू होऊन रात्री संपायची. सरावाची वेळ नेमकी त्यातच जायची. सुरुवातीला ती सुट्टीच्या दिवशी यायची. मग सुट्टीला घरातली कामं असायची. मग यायची बंद झाली. मला खेळाडूंच्या जागेवर सरकारी कचेरीत नोकरी मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले. ती कामावर होती. तिच्या आईने पेढा बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, पोरगी खूश होईल बघ. मी त्या घरात पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकले नाही.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा लातूरकडचा, शाळेत शिक्षक. लग्न गावाला झालं. मी गेले नाही. ऑफिसात सुट्टी मिळत नाही असं मी सांगितलं. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

त्यानंतरची दोन वर्षं मला तिची जी आठवण यायची ती मी कुणाला समजावून सांगू शकत नव्हते. मी ऑफिसच्या संघातून खेळत होते. चांगल्या मुली होत्या, हसतखेळत असायच्या. पण आत उतरले की माझी नजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि तिथे कुणीतरी भलतीच असायची. अर्धं मिनिट राहिलं हे मला कुणी सांगत नव्हतं. संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या मैदानावरून 'खो' ऐकू आला की मी थांबायचे. नुसता आवाज नाही, त्या आवाजाबरोबर पाठीवर बसणारी थाप, धुळीचा वास, सराव संपल्यावर एकमेकींच्या वेण्यांतली माती झटकायची, हे सगळं एकदम अंगावर यायचं. मला ते दिवस परत हवे होते. आणि त्या दिवसांतली मी, जिने अजून ते तीन शब्द उच्चारले नव्हते, ती परत हवी होती.

ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मला तिच्या आईकडून निरोप आला. मी दोन आठवडे गेले नाही. मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. आईने दिलेले डिंकाचे लाडू पिशवीत होते.

ती खाटेवर बसली होती. अंगाने भरली होती, केस मोकळे. मुलगी झाली होती, तीन आठवड्यांची, कपड्यात गुंडाळलेली. मला बघून ती म्हणाली, "दोन वर्षं." मग हसली. मी बाळाला हातात घेतलं. तिची आई चहा टाकायला आत गेली. मी ठरवून आले होते की आज बोलायचंच, नाहीतर पुन्हा कधी नाही. बाळाकडे बघतच मी म्हणाले, त्या दिवशी मुलुंडला मला दिसलं होतं. मी खोटं बोलले.

तिने हात लांब करून बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे गं. आपण दोघी एकमेकींकडेच तर बघत होतो."

मी म्हणाले, तू माझ्यासाठी आत आलीस आणि मी…

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "मी मोजत होते. मला वाटलं दोनच सेकंद उरलेत. मी मध्ये आले तर ती गोंधळेल, तेवढ्यात शिट्टी होईल, आणि आपण दोघी राहू. माझं मोजणं चुकलं. सातआठ सेकंदांनी चुकलं. असं कधी होत नाही माझं."

मी रडायला लागले. ती मला थांबवायला उठली नाही. तिने पाठीमागची उशी सरळ केली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "पण तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. माझी निवड झाली असती असं नाही म्हणत मी. त्यांनी तरीही तुलाच घेतलं असतं कदाचित. पण तू बोलायला हवं होतंस."

मी म्हणाले, हो.

तिची आई चहा घेऊन आली आणि विचारू लागली की काय झालं, डोळे का लाल. मैत्रीण म्हणाली की जुनं आठवलं. तेही खरंच होतं.

तिने मला माफ केलं का, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण त्यानंतर मी दर शनिवारी जायला लागले. आम्ही बाळाला न्हाऊ घालायचो, शेगडीवर ओवा टाकून धुरी द्यायचो, आणि बोलायचो. तिचा नवरा समजूतदार होता, तिला बी.ए. पूर्ण कर म्हणत होता. गावात मुलींच्या शाळेत खो-खो शिकवायला कुणी नव्हतं, आणि तिने मुख्याध्यापकांना विचारूनही ठेवलं होतं. त्यांचं उत्तर यायचं होतं. सर निवृत्त होऊन गावी गेले होते, ते मी तिला सांगितलं. त्यांची वही कुठे गेली असेल असं ती म्हणाली. मला माहीत नव्हतं.

बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिला घ्यायला नवरा येणार असं ठरलं, तेव्हा आदल्या रविवारी ती म्हणाली, आरे कॉलनीच्या जंगलात जाऊ या. आम्ही तिघी बसने गेलो, ती, मी आणि बाळ. तबेले मागे टाकून बस झाडीत शिरली, तसा गारवा आला. आम्ही एका चढावर उतरलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. दूरवर एक म्हातारी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली होती. आम्ही झाडाखाली बसलो, माझ्या आईने दिलेल्या घावण्यांचा डबा उघडला. खाऊन झाल्यावर तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं, साडीचा पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि म्हणाली, जरा पळून येते.

मी हसले. वेडी आहेस का, म्हटलं, अजून चार महिनेच झालेत. ती म्हणाली, हळू पळेन.

ती हळू पळाली नाही. वळणापर्यंत तिची पाठ दिसत होती, निऱ्या दोन्ही हातांनी वर धरलेल्या, पायाखालची वाळलेली पानं उडत होती. वळणावर ती दिसेनाशी झाली. बाळ माझं बोट मुठीत घट्ट धरून होतं. मी त्या वळणाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने ती परत आली, चेहरा लाल, घाम गळ्यापर्यंत, केस सुटलेले, आणि इतकी आनंदात की तिला बोलता येईना. माझ्या शेजारी जमिनीवरच आडवी झाली. श्वास बसल्यावर म्हणाली, पायांना अजून आठवतंय गं सगळं.

दोन दिवसांनी ती गेली. सुरुवातीला पत्रं आली. पहिल्याच पत्रात होतं की शाळेने होकार दिला, बारा मुली यायला लागल्यात, आणि त्यातली एक फार चांगली पळते पण घाबरते. मी उत्तर पाठवलं. मग तिच्या नवऱ्याची बदली झाली, तिच्या माहेरच्यांनीही मरोळचं घर सोडलं, आणि नवा पत्ता माझ्यापर्यंत आला नाही. माझी दोन पत्रं परत आली, पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं की या पत्त्यावर कुणी राहत नाही. ती मी फेकली नाहीत.

आता कुणाच्या पंचाहत्तरीला, ऐंशीला गेले की केकवर 'नाबाद' लिहिलेलं असतं. सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवते. मागच्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या निवृत्त बाईंच्या वाढदिवसाला त्यांच्या नातवाने मला विचारलं की काकू, तुम्ही खो-खो खेळायचात ना, तुमचं सगळ्यात जास्त किती होतं? मला मुलुंडचा तो कागद आठवला. मी म्हणाले, दोन मिनिटं एकतीस सेकंद. बाद.